हिरवट, हिरवी झाक की हिरवी छटा? शेठनी दोनदा झापलं

बेदाणाबाई:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा येडपट वाटेल पण दोन दिवस डोक्यातनं जाईना म्हणून टाकतेय. मी सांगलीत एका बेदाण्याच्या पेढीवर कामाला आहे, बिलं आणि कॉम्प्युटर माझ्याकडे, आणि आता व्हॉट्सअपवर मालाचे फोटो नि खाली दोन ओळी टाकायचं कामही माझ्याच गळ्यात आलंय. परवा एका लॉटचा फोटो काढला, माल चांगला होता, लांबट मणी, सालीला चमक, रंग म्हणाल तर धड हिरवा नाही आणि धड पिवळाही नाही, म्हणजे खाली पिवळाच पण वरनं हिरवं दिसतंय असा. मी आपलं लिहिलं 'हिरवट बेदाणा, नवीन माल'. शेठनी वाचलं आणि सगळ्यांसमोर, "अगं हिरवट काय लिहितीस, हिरवट म्हातारा असतोय, बेदाणा नव्हं! हिरवी झाक लिही."

बरं, लिहिली झाक. दुसऱ्या दिवशी वेगळा लॉट आला, गंधकाची धुरी दिलेला पिवळा माल, पण काही मण्यांवर तांबूस चढायला लागलेलं. मी हुशारी केली आणि 'पिवळा बेदाणा, तांबूस झाक' असं टाकून मोकळी झाले. परत बोलणी! "झाक कशाला लिहितीस, गिऱ्हाइकाला वाटंल माल उतरलाय." म्हणलं काल झाक चांगली होती, आज एका रात्रीत वाईट कशी झाली, तर म्हणे तुला कळत नाही. नाहीच कळत, म्हणून तर विचारतेय.

तर लालसर, पिवळट, तांबूस, छटा, झाक, ह्या सगळ्यात नक्की फरक काय? आई म्हणते सगळं एकच. मोबाईलवर बघितलं तर सगळ्यांना मिळून एकच इंग्रजी शब्द दाखवतोय. माझी शाळा इंग्लिश मीडियमची, हसायचं असेल तर हसा पण उत्तर द्या.

कृष्णाकाठचा:
तुम्ही 'शेड' लिहिलं नाही हे नशीब समजा. चुलत्यांची कवठेमहांकाळकडे बेदाणा वाळवायची शेड आहे. मागं एक बाहेरचं गिऱ्हाईक फोनवर विचारत होतं, माल की शेड कैसी है, काका म्हणाले एकदम मजबूत, लोखंडी अँगल, वर पत्रा, बाजूनं नेट, वादळ आलं तरी हलणार नाही. पलीकडचा माणूस दोन मिनिटं गप्प. मराठीत लिहिलं तर दोन्ही शेड सारख्याच दिसतात, त्यामुळे शेडमधल्या मालाची शेड असं काही लिहू नका.

उभाआडवा:
आमचं मिरजेत कापडाचं दुकान होतं, वडलांच्या शेजारी गादीवर बसून लहानाचा मोठा झालो, त्यामुळे ह्या शब्दांवर जरा हक्कानं बोलतो.

कर्नाटकातल्या गुळेदगुड्डचा चोळीचा खण बघितलाय का कधी जवळनं? त्यात उभा धागा एका रंगाचा आणि आडवा दुसऱ्या रंगाचा असतो. समजा उभा लाल आणि आडवा हिरवा. ठेवलेला खण बघितला तर मातकट लाल वाटतो, काहीच विशेष नाही, पण बोटावर घेऊन जरा तिरका केला की त्यावर हिरवं सरकून जातं आणि परत सरळ केला की गायब. वडील बाईंच्या पुढ्यात खण नुसता टाकायचे नाहीत, दारातल्या उजेडाकडे धरून मनगट फिरवायचे, आणि म्हणायचे, बघा वहिनी, हिरवी झाक मारतोय. ह्यालाच धूपछाव म्हणतात, साडीतही येतं. झाक 'मारते' बघा, छटा कधी मारत नाही, छटा नुसती असते.

आता छटा. निळ्याच्या छटा किती? आकाशी, मोरपंखी, नेव्ही, शाईसारखा, सगळी एका घरातली भावंडं, कोण उजळ कोण गडद. गिऱ्हाईक म्हणायचं ह्याच्यातली अजून एखादी छटा दाखवा, म्हणजे रंग तोच, जरा पुढेमागे. झाकेत दोन रंग लागतात. खाली एक पक्का बसलेला आणि त्याच्या अंगावर दुसरा, पाहुण्यासारखा. म्हणून 'निळ्याच्या पाच छटा' बरोबर आहे पण 'निळ्याच्या पाच झाका' म्हणून बघा, जिभेला काटा टोचल्यागत होतं. निळ्याला जांभळी झाक असेल, हिरवी झाक असेल. निळ्याला निळी झाक असं कोण म्हणत नाही.

तुमचा परवाचा बेदाणा खाली पिवळा, वर हिरवा. ही झाकच. शेठ बरोबर.

(अर्थाची पण छटा असते, अर्थाची झाक नसते. बोलण्याला मात्र झाक असते, आमच्या मिरजेच्या मराठीला कानडी झाक आहे असं पुणेकर म्हणतात, म्हणू देत.)

खोडसाळ_४२:
मला वाटतं शेठ म्हणाले असतील "हिरवं झाक", म्हणजे हिरवं दिसतंय ते झाकून टाक आणि पिवळा म्हणून विक. तुम्ही उगाच शब्दकोश काढून बसलात.

आणि गंमत बघा, आपण झाकतो म्हणजे दिसू देत नाही, हिंदीवाला झांकतो म्हणजे फटीतनं डोकावून बघतो. एकाच आवाजाचे शब्द आणि काम बरोबर उलटं. रंगाची झाक ह्या दोन्हीच्या मधली वाटते मला, अर्धी झाकलेली अर्धी डोकावणारी. हे माझं आपलं, भाषाशास्त्र नव्हे.

आटपाडीचा_खोंड:
आमच्या माणदेशात रंग म्हणजे आधी जनावराचा. खिलार जातीचं जनावर पांढरं असतंय हे सगळ्या जगाला म्हाईत हाय, पण बाजारात नुसतं पांढरं म्हणून भागत न्हाई. कोसा म्हणत्यात ते यगळं. कोसा खोंड म्हंजी अंग पांढरंच, पण मान, खांदा, वशिंड आणि मागला भाग हितं काळपट करडी झाक. आता काळपट म्हणलं मी, पण ते बैल इकणाऱ्यापुढं म्हणायचं न्हाई, त्यो लगेच म्हणतोय काळपट न्हवं, कोसा हाय. खरसुंडीच्या जत्रंत ह्या एका शब्दावनं भाव हालतोय. कुणाला पांढराशुभ्र पायजे, कुणाला कोसाच पायजे, ज्याची त्याची हौस.

आजून एक. खिलाराचं वासरू जलमतं तवा टाळूला गंजल्यावाणी तांबूस असतंय. नवखा माणूस बघून म्हणतोय ह्याला तांबडी झाक हाय, जात बिघडली का काय. आरं दोन-तीन म्हयन्यात ते आपुआप जातंय. म्हणून आमची म्हातारी माणसं त्येला रंगातच धरत न्हाईत, म्हणत्यात टाळू तांबूस हाय, बस. जे जाणार हाय त्येला झाक म्हणायचं न्हाई, जे ऱ्हाणार त्येलाच म्हणायचं.

ह्याच्यावरनं तुमच्या दुसऱ्या लॉटचं काय ते बघा, मला बेदाणा फक्त खाताना कळतोय.

निवृत्त_मास्तरीण:
वाळवा तालुक्यात चाळीस वर्षं मराठी शिकवलं, त्यामुळे राहवत नाही. सगळ्यांनी झाक धरली, पण मुलीचं पहिलं भांडण 'हिरवट'वरून झालंय, त्याकडे कुणी बघेना.

'सर' आणि 'ट' सारखे नाहीत. 'सर' लावला की रंग कमी झाला एवढंच कळतं, बोलणाऱ्याचं मत कळत नाही. लालसर ओठ, पिवळसर ऊन, काळसर ढग, निळसर डोंगर. 'ट' लावला की बहुतेक वेळा नाक मुरडलेलं असतं. पिवळसर कागद म्हणजे तसा रंगच आहे, पिवळट कागद म्हणजे जुना झालाय. काळसर घोंगडी अंगावर घेऊ, काळपट पातेलं घासायला टाकू. पिवळट डोळे दिसले तर डॉक्टरकडे नेऊ. मळकट, कळकट, तेलकट, मातकट, भुरकट, सगळी त्याच गल्लीतली. चवीतही बघा, गोडसर आमटी चालते, कडवट काकडी फेकून देतो.

पण, आणि इथेच खरी गंमत आहे, हे कोष्टक सगळ्या रंगांना पूर्ण भरत नाही. निळसर आहे पण निळट सहसा कुणी म्हणत नाही. आणि उलट हिरवट आहे पण हिरवसर मी चाळीस वर्षांत एकाही पोराच्या वहीत किंवा आईबापांच्या तोंडी ऐकला नाही. पांढऱ्याचंही तसंच, पांढरसर फारसा नाही, पांढरट आहे आणि प्रेमाने म्हणायचं तर पांढुरका. तांबड्याला 'तांबूस' मिळाला, गोड शब्द आहे, त्यात तक्रार नाही. बिचाऱ्या हिरव्याला एकटा हिरवट, त्यालाच बऱ्याचं पण काम करायचं आणि वाईटाचं पण. हिरवट पिवळी साडी म्हटलं तर वाईट नाही. पण हिरवट वास म्हटलं की कच्ची भाजी, हिरवट चव म्हटलं की न पिकलेलं फळ, आणि हिरवट म्हातारा काय ते तुमच्या शेठनी सांगितलंच.

बाळ, तू खायची वस्तू विकतेस. खायच्या वस्तूपुढे हिरवट आला की वाचणाऱ्याच्या जिभेला कच्चेपणा आठवतो, डोळ्याला रंग नाही. शेठना व्याकरण सांगता आलं नसेल, पण धंद्यातल्या माणसाचा कान बरोबर आहे.

बेदाणाबाई:
बाई, नमस्कार! हिरवसर हा शब्द मी आत्ता पाच वेळा मोठ्यानं म्हणून बघितला, खरंच कानाला बसत नाही. ऑफिसातली पोरं बघायला लागली.

आणि उभाआडवा काका, तुमचा प्रयोग केला. मूठभर बेदाणा घेऊन खिडकीत गेले, तळहातावर पसरून हात हलवला. परवाच्या लॉटमध्ये मणी फिरला की हिरवं दिसतं आणि परत पिवळं, अगदी खणासारखं नाही पण साल पातळ असल्यामुळे उजेड आतनं आल्यासारखा वाटतो. कालच्या तांबूस मालाचं मात्र तसं काहीच नाही, ते तांबूस मणी इकडनं बघा तिकडनं बघा तांबूसच. म्हणजे तिथं झाक नव्हतीच, थोडे मणी पिवळे आणि थोडे मणी तांबूस एवढंच?

इथल्या जुन्या माणसाला विचारलं हे तांबूस का होतं, तर म्हणाला द्राक्षाचाच गुण आहे तो, सफरचंद कापून ठेवल्यावर लाल पडतं ना, तसंच. सोड्याच्या आणि तेलाच्या पाण्यात बुडवून सावलीत शेडमध्ये रॅकवर वाळवलं की हिरवं टिकतं, उन्हात वाळवलं की तपकिरी, गंधकाची धुरी दिली की पिवळा उठतो आणि काळं पडायचं थांबतं. पण थंड्या गोदामातनं बाहेर काढून माल तसाच ठेवला की महिन्या दोन महिन्यात रंग परत चढायला लागतो. चार किलो द्राक्षाचा एक किलो बेदाणा होतो आणि तोच एक किलो रंगावरनं मार खातो म्हणाला.

शाहूनगरीचा_पेढा:
साताऱ्यातून बोलतोय, थोडा विरोध नोंदवतो.

एक, तांबूस म्हणजे माल उतरला हे बेदाण्यात असेल. आमच्याकडे कंदी पेढा पांढरट दिसला तर गिऱ्हाईक हात लावत नाही. खवा चांगला भाजलेला पाहिजे, तांबूस आला पाहिजे, दाबला की रवाळ फुटला पाहिजे. लहानपणी घराजवळच्या पेढेवाल्याच्या कढईपुढं उभा राहायचो, तो उलथन्यावर थोडा खवा घेऊन दाराशी यायचा, उजेडात बघायचा आणि मान हलवून परत जायचा, अजून तांबूस नाही म्हणून. तर तांबूस हा आमच्यात मानाचा शब्द आहे, उगाच शब्दाला दोष देऊ नका.

दोन, उभाआडवा साहेब म्हणतात झाक हलली पाहिजे. आमच्या कास पठारावर सप्टेंबरात या. तेरडा फुलला की लांबून अख्ख्या पठाराला गुलाबी झाक असते आणि ती काय हलत नाही, तुम्ही तासभर बघत उभे राहा. जवळ गेलात की झाक संपली, खाली गवत हिरवं वेगळं आणि फुलं गुलाबी वेगळी. मग सीतेची आसवं नावाची फुलं जास्त झाली की तोच तुकडा निळसर जांभळा वाटतो. हे २०१२ पासून जागतिक वारशात आहे म्हणून गर्दी इतकी झालीय की हल्ली पठाराला माणसांचीच झाक येते, ते असो.

तीन, कॉलेजात आम्ही 'एकदम झाक' म्हणायचो, म्हणजे भारी. हल्लीच्या पोरांना माहीत नाही. त्या अर्थी घेतलं तर 'तांबूस झाक' ही जाहिरात म्हणून उत्तमच आहे.

उभाआडवा:
पेढेसाहेब, कास कबूल. पण तुम्ही सांगितलंत ते माझंच झालं की, गवत हा उभा धागा आणि तेरडा आडवा. दोन रंग वेगवेगळे, पण डोळ्याला सुटे करता येत नाहीत इतके बारीक मिसळले की झाक. मनगट फिरवायचं नसेल तर चालत मागं जायचं. हलण्याचा हट्ट सोडतो, दोन रंगांचा सोडत नाही.

ह्या हिशोबानं बेदाणाबाईंचा तांबूस लॉटसुद्धा लांबून, म्हणजे फोटोत, तांबूस झाक मारत असणार. हातात घेतला की मणी सुटे. गिऱ्हाईक फोटो बघतं पण माल हातात घेतं, तिथं भांडण.

हळदीचा_डाग:
मी गृहिणी, हळदीच्या गावची, त्यामुळे माझं ज्ञान धुण्यातलं. माझ्या मते झाक हा प्रमाणाचा शब्द आहे.

पांढरे कपडे नीळ घालून काढतात ते का, तर पांढरं कापड जुनं झालं की पिवळट पडतं (मास्तरीण बाई, इथे ट बरोबर बसला बघा), आणि निळ्याची नुसती झाक दिली की ते पिवळं मरतं, कापड आहे त्याहून पांढरं दिसतं. निळं दिसता कामा नये, फक्त पिवळं दिसेनासं व्हायला पाहिजे. लग्नानंतर पहिल्या दिवाळीला मी उत्साहाने सासऱ्यांचं धोतर नीळ घालून काढलं, बादलीत आधी पाणी आणि मग नीळ ढवळून घ्यायची सोडून कपड्यावरच शिंपडली. वाळल्यावर धोतरावर असे निळे ढग. सासूबाई काही बोलल्या नाहीत, सासरे मात्र ते धोतर नेसून पारावर जाऊन आले आणि म्हणाले, पोरीनं झाक द्यायला घेतली आणि आभाळच दिलं. पुढे किती वर्षं घरात काही जास्त झालं की, मीठ असू दे नाहीतर पाऊस, आभाळ दिलं म्हणायचे.

हळदीचा अजून एक नमुना. घरचं हळकुंड विकायला नेलं की व्यापारी आधी ते मोडतो, वरनं कितीही पॉलिश असलं तरी. आत पिवळ्यात नारिंगी झाक पाहिजे, नुसतं फिक्कं पिवळं निघालं की तोंड वाकडं करतो. आणि साडीवर हळद सांडली म्हणून साबण चोळलात तर डाग तिथल्या तिथे लालभडक होतो, घाबरायचं नाही, साबणातल्या खारानं तसं होतं, पाण्यानं धुतलं की परत पिवळा, उन्हात टाकलं की जातो. हळदीला चुना लावून कुंकू करायचे ते ह्याच्याचवर. पण त्या लालाला झाक म्हणत नाहीत, तो रंगच पालटला.

२००५ च्या पुरात हरिपूरची पेवं, म्हणजे हळद साठवायची जमिनीतली कोठारं, बुडाली तेव्हा आतनं जी हळद निघाली तिचा रंग मात्र कुठल्याच शब्दात सांगता यायचा नाही, वडील नुसते बघत उभे होते.

आटपाडीचा_खोंड:
आभाळ दिलं 😄 ह्यो शब्द आमी उचलला.

निवृत्त_मास्तरीण:
हळदीच्या बाईंचं प्रमाणाचं म्हणणं पटलं. म्हणून तर भाषेत दुसऱ्या टोकाला इतकी गर्दी आहे, लालभडक, लालबुंद, लालचुटुक, पिवळाधमक, हिरवागार, हिरवाकंच, निळाशार, काळाकुट्ट, काळाभोर, पांढराफटक. जास्त रंगाला प्रत्येकाचा वेगळा दागिना आणि कमी रंगाला बहुतेक सगळ्यांना मिळून 'सर', 'ट' आणि तांबूसमधला 'ऊस'. ह्यातही फरक आहे बरं का, काळेभोर केस आणि काळाकुट्ट अंधार, उलटसुलट करून बघा. पांढराफटक बहुतेक चेहराच पडतो, दुधाला पांढरंफटक सहसा म्हणत नाहीत.

एक विनंती. माणसांच्या बाबतीत हे शब्द जपून. स्थळं बघताना 'सावळी आहे पण पिवळी झाक आहे' असं मुलीच्या देखत बोलणारी माणसं मी ऐकली आहेत. तिथे छटा, झाक काही नको, नाव विचारा आणि चहा प्या.

बेदाणाबाई:
सगळ्यांचे आभार, इतकं येईल वाटलं नव्हतं. काल परत नवीन लॉट आला, तसाच, पिवळ्यावर हिरवा. मी तळहातावर घेऊन खिडकीत बघितला आणि लिहिलं, 'पिवळा बेदाणा, उजेडात हिरवी झाक, लांब मणी, सावलीत वाळवलेला'. तांबूस लॉटला लिहिलं 'पिवळा, थोडे मणी तांबूस', खरं ते खरं. शेठना दाखवायला गेले. त्यांनी चष्मा लावून दोन्ही वाचले, तांबूस वाल्यावर बराच वेळ थांबले, मला वाटलं आता परत. तर म्हणाले राहू दे, हातात घेतल्यावर दिसणारच हाय. आणि हिरव्या झाकेच्या पुढे स्वतःच्या हाताने टाईप केलं, 'ए वन'.

संध्याकाळपर्यंत झाकवाल्याला सहा जणांचे फोन आले. तांबूसवाल्याला एकाचा, मिठाईवाला होता, त्याला म्हणे शिऱ्यात घालायचाय, रंग कोण बघतंय.

शाहूनगरीचा_पेढा:
मिठाईवाला साताऱ्याचा होता का 😄 आणि ते हिरव्या झाकेचं एक किलो बाजूला काढा, पुढच्या आठवड्यात सांगलीला येतोय.

खोडसाळ_४२:
मला अर्धा किलो हिरवट चालंल. भाव तेवढा हिरवट लावा.